मी आल्याशिवाय उठू नकोस

बीचव्ह्यू, पिट्सबर्ग
१२ जून १९८८

सिरिल,

आईच्या वाढदिवसाला पाठवलेलं तुझं कार्ड पोचलं. तिने ते फ्रीजवर लावलंय आणि पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना दाखवून झालंय. तू खाली नुसतं नाव लिहिलं होतंस, तरी "माझ्या सिरिलचं अक्षर बघा" हे पालुपद चालूच आहे. त्याच दिवशी मी पहाटे उठून तिच्यासाठी अक्रोडाचा रोल भाजून नेला होता. तिने एक घास खाल्ला, बशी बाजूला सारली आणि म्हणाली, "बर्निस, पीठ मळायला हातात जीव लागतो. तुझ्या हातात तो कधी नव्हताच. नवरा उगाच नाही पळाला."

माझा नवरा पळाला त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं मी हे ऐकतेय. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आठ तास ओल्या चादरी उचलायच्या, मग तिच्या घराच्या एकसष्ट पायऱ्या चढायच्या, तिचे केस विंचरायचे, पायाला मलम लावायचं आणि वर "तुझा हात घोड्याला खरारा करणाऱ्यासारखा आहे" हे ऐकायचं. मी चोपन्न वर्षांची आहे. माझ्या गुडघ्यांचं कोण बघणार?

गेल्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेलं. एकोणऐंशी वय, एकटं घर, कोळशाच्या तळघराचा जिना. ती एकटी राहू शकत नाही असं तो लिहून देईल अशी माझी आशा. त्याने तिला शंभरातून सात-सात वजा करत यायला सांगितलं. ती दोनपर्यंत आली आणि त्याला म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात आहे." तो हसला. मला बाहेर येऊन सांगतो कसा, "तुमच्या आईचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. काही घडल्याशिवाय मी काय लिहिणार?"

तर आता ऐक. टेकडीमागच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. आई आपल्या पायाने तिथे जाणार नाही, आणि डॉक्टरच्या कागदाशिवाय कोर्ट तिला पाठवणार नाही. म्हणजे ती घरातच राहणार आणि मी पायऱ्या चढत राहणार. ते मी करणार नाही. एक सप्टेंबरला मी तिला विमानात बसवून फिनिक्सला पाठवते. ग्वेनला सांग, पाहुण्यांची खोली आवरून ठेव.

बर्निस

---

फिनिक्स
१८ जून १९८८

प्रिय बर्निस,

तुझं पत्र ग्वेनला वाचून दाखवलं. ती उठली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. पाऊण तास बसली होती. आई एक्क्याऐंशी साली इथे अकरा दिवस राहून गेली ते तुला आठवत असेल. तेव्हा तिने ग्वेनच्या आईला तोंडावर विचारलं होतं, "हे दात तुमचेच का?" आमचं लग्न आई घरात आली तर टिकणार नाही, हे तू धरून चाल.

पण तू एकटीने मरावंस असं मी म्हणत नाही. मी विचार केला. डॉक्टर म्हणतो काही घडल्याशिवाय लिहून देता येत नाही. मग घडू दे की.

चार जुलै जवळ आलीय, स्वातंत्र्यदिन. लहानपणची चार जुलै आठवते? बाबा एकतीस वर्षं ट्राम चालवत होते आणि त्या दिवशी त्यांना कधीच सुट्टी नाही. सगळं शहर आतषबाजीला पोचवायचं आणि परत आणायचं. आई दुपारीच आपल्या दोघांना आणि घडीच्या खुर्च्या घेऊन ट्रामने पॉइंटला, नद्यांच्या संगमावर, जायची आणि नदीकाठी जागा धरायची. बाबांचा नियम होता: जागा धरणारा उठत नाही, ज्याच्यासाठी धरली तो येईपर्यंत. आपल्या गल्लीत बर्फ उपसून गाडीच्या जागेवर खुर्ची ठेवली की पोलीससुद्धा तिला हात लावत नाही, तसंच हे. सेहेचाळीस साली बाबांची ट्राम पुलावर अडकली. आतषबाजी दहाला संपली, बाबा दीडला आले. आपण गवतावर झोपलो होतो आणि आई खुर्चीत ताठ बसली होती. बाबांच्या हातात थंडगार सॉसेज दिलं आणि मगच उठली. हा किस्सा ती अजून लग्नांतून सांगते.

तिला या वर्षी म्हण, "तू पुढे हो, जागा धर, मी कामावरून येते. मी आल्याशिवाय उठू नकोस." हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. आणि जाऊ नकोस.

कुणी तिला ढकलायचं नाही, बोट लावायचं नाही. ती खुर्चीतच तर बसणार आहे. शहराच्या मध्यावर, पोलिसांच्या देखत. सकाळपर्यंत कुणीतरी तिला उचलून दवाखान्यात नेईल, आणि डॉक्टरला हवं ते घडलेलं असेल.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

सिरिल

---

बीचव्ह्यू
२३ जून १९८८

सिरिल,

पत्र फाडलं. फाडायच्या आधी तीनदा वाचलं. तुझ्या डोक्याची कमाल आहे. मी रोज तिचा गळा दाबायचे मनसुबे रचते, पण हे माझ्या मनात शंभर वर्षांत आलं नसतं. वाळवंटात लोकांना पोहण्याचे तलाव विकून विकून तू फार पुढे गेलास.

दोन दिवस मी ठरवलं होतं की उत्तरच द्यायचं नाही. कितीही झालं तरी आई आहे. मग काल संध्याकाळी शेजारची मिसेस पालुंबो आली होती. आई तिला माझ्यादेखत म्हणाली, "सिरिल जवळ असता तर या बाईच्या हातचं गिळावं लागलं नसतं मला." मी तेव्हा तिच्या पायाला मलम लावत होते. जमिनीवर बसून.

मिसेस पालुंबो गेली आणि मी म्हणाले, "आई, या वर्षी आतषबाजीला जायचं का आपण? मला चार तारखेला कामावर जावं लागणार, सुट्टी नाही. तू पुढे जाऊन जागा धर. मी सुटले की थेट येते. मी आल्याशिवाय उठू नकोस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, पकडले गेले. लहानपणी फ्रॉक फाडून आल्यावर बघायची तशी बघत होती. मग म्हणाली, "सँडविचला मोहरीची चटणी लावू की नको? तुला पूर्वी चालायची नाही."

मी म्हणाले, लाव.

खरं तर त्या दिवशी मला सुट्टी आहे. मी घरी टीव्ही बघणार आहे.

बर्निस

---

बीचव्ह्यू, आपलं घर
१ जुलै १९८८

माझ्या सिरिल,

बरा आहेस ना? तिथे एकशे दहा डिग्री तापमान आहे असं रेडिओवर सांगतात. माणसं तिथे राहायला कशाला जातात हे देवच जाणे. दुपारी डोक्यावर काहीतरी घालत जा, तुझे केस तुझ्या बापासारखे लवकर गेलेत. ग्वेनला नमस्कार सांग. तिच्या आईलाही सांग, दातांसकट.

तुला एक गंमत सांगायचीय. बर्निसने मला चार जुलैला चल म्हणून विचारलं. तिने, आपणहून! तुझे बाबा गेल्यापासून मी आतषबाजी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. टेकडीच्या वर फक्त खूप उंच उडणाऱ्या फुलांची अर्धी पाकळी दिसते. मी कुणाला म्हटलं नाही कधी की मला जायचंय. म्हणायचं कुणाला? बर्निस तर रोज संध्याकाळी अशी येते की घरात मुडदा आहे आणि तिला तो धुवायचाय.

मी तिच्याशी वाईट वागते, सिरिल. मला कळतं. तोंडातून निघून जातं. मुलगी समोर असली की मला तिच्यातलं उणंच दिसतं आणि तू दोन हजार मैलांवर असलास की मला तुझं सगळं गोडच दिसतं. पाद्रीबुवांना मी हे कबुलीजबाबात सांगितलं. ते म्हणाले, मग तिला सांगा. आता ते बोलणं आलंच ना! नदीकाठी, अंधारात, आवाज चालू असताना सांगेन म्हणजे ती रडली तरी मला दिसायचं नाही आणि मी रडले तरी तिला.

मी सगळी तयारी केलीय. दोन घडीच्या खुर्च्या, खांद्याला अडकवायचा पट्टा लावलाय. सँडविचं, हालुश्की, म्हणजे आपल्या कोबी घातलेल्या शेवया, डब्यात, थर्मास. दोनच्या ट्रामने जाणार. म्हाताऱ्यांना फुकट आहे, पण ड्रायव्हरला मी सोपकोची बायको आहे हे सांगणारच. ट्राममध्ये कुणी जागा नाही दिली तर खुर्ची माझ्याकडे आहेच.

आई

---

बीचव्ह्यू
६ जुलै १९८८

सिरिल,

झालं.

काल पहाटे तीन चाळीसला त्यांनी मला फोन केला. मी जागीच होते. पावणेबाराला पाऊस सुरू झाला होता, तुला माहीत नसेल. जोराचा होता. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, अंगावर गाऊन होता. मला वाटलं, आता ती उठेल. कुठलाही माणूस उठेल. ट्राम साडेबारापर्यंत चालू होत्या.

सफाईवाल्यांना ती सापडली. मैदानावर कागद, बाटल्या, चिखल आणि मध्ये ती, एका खुर्चीत बसलेली, दुसरी खुर्ची पिशवीने झाकून कोरडी ठेवलेली. पोलीस उठवायला गेला तेव्हा तिने त्याला छोट्या झेंड्याच्या काठीने मारलं. "जागा धरलीय," म्हणाली. भिजून ओठ निळे पडले होते. ताप एकशे तीन. आता उतरलाय.

मी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरने विचारलं, "तुम्ही येणार होतात का? त्या तसं म्हणताहेत." मी म्हणाले, नाही. आमचं असं काहीच ठरलं नव्हतं. आई तिथे का गेली मला ठाऊक नाही. माझे वडील ट्राम चालवायचे, ती दरवर्षी तिथे त्यांची वाट बघायची. वडील जाऊन अकरा वर्षं झाली.

डॉक्टरने मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. किती सोपं होतं!

आई सगळं ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही, आणि मला त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

दवाखान्यातून तिला थेट टेकडीमागे नेलं. तात्पुरतं. सुनावणी चोवीस ऑगस्टला आहे. न्यायाधीश तुझंही लेखी म्हणणं मागवतील.

बर्निस

---

वृद्धाश्रम, खोली क्रमांक १४
२० जुलै १९८८

माझ्या सिरिल,

हे पत्र मी पेन्सिलने लिहितेय, कारण इथे पेन देत नाहीत. का ते विचारलं तर एक पोरगी म्हणाली, "आजीबाई, आपण शाई सांडू ना!" आपण! मी तिला सांगितलं, तू सांडशील, मी तुझ्या आजीच्या जन्माआधीपासून लिहितेय. तेव्हापासून ती मला 'जरा आक्रमक' म्हणते आणि वहीत तसं लिहिते. इथे मी रागावले की ते आजारात धरतात, गप्प बसले की सुधारणेत.

तुला काय झालं ते बर्निसने सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक, आणि नीट ऐक, कारण माझं घर त्यावर आहे.

मी दोनच्या ट्रामने गेले. सणाच्या दिवशी असते तशी खच्चून भरलेली. बर्फाच्या पेट्या, पोरं, झेंडे, एका बाईच्या मांडीवर सबंध कलिंगड. मी दोन खुर्च्या घेऊन चढले तर एक धिप्पाड माणूस म्हणतो, "आजी, घर हलवताय का?" मी म्हटलं, "हो, आणि तू वाटेत उभा असलेलं कपाट आहेस." सगळा डबा हसला, तोही हसला आणि त्याने मला जागा करून दिली. ड्रायव्हर तरुण होता, पण त्याच्या काकाला तुझ्या बाबांनी ट्राम शिकवली होती. उतरताना त्याने टोपी काढली.

जागा मला पाण्याच्या अगदी जवळ मिळाली. दोन खुर्च्या मांडल्या. शेजारी एक कुटुंब होतं, ब्रॅडॉक गावचं, आईबाप आणि तीन पोरी. माझ्या रिकाम्या खुर्चीवर चार जणांचा डोळा होता. मी सगळ्यांना तेच सांगितलं, "माझी मुलगी येतेय कामावरून." आतषबाजी झाली. बर्निस आली नव्हती. मी तिची बाजू बोलत राहिले: काम सुटलं नसेल, भुयारी स्टेशनच्या पायऱ्यांवर गर्दी असेल. शेवटी संपलं आणि लाख माणसं एकदम उठली. ब्रॅडॉकचा बाप म्हणाला, "चला आजी, ट्रामपर्यंत पोचवतो." मी नाही म्हटलं. सिरिल, तूच सांग, लाख माणसं स्टेशनकडे निघालीत आणि माझी मुलगी त्यांच्या उलट दिशेने मला शोधत येतेय. मी उठले तर आमची चुकामूक नक्की. दोघींपैकी एकीने तरी एका जागी राहायला नको? हा वेडेपणा आहे का? मला तर यात अक्कलच दिसते.

मग पाऊस आला. तेव्हा मला वाटलं तिला अपघात झाला. मी तुझ्या बाबांच्या आठवणीत बसले नव्हते, मी बर्निसला मेलेली समजून बसले होते. ती कुठल्या रुळांवर पडलीय, याच विचारात होते मी चार तास. पोलीस आला तेव्हा वाटलं तेच सांगायला आला, म्हणून मारलं त्याला.

आणि ती दवाखान्यात आली. दोन पायांवर, कोरड्या कपड्यांत. मी पहिलं काय विचारलं असेल? "तुला काही झालं नाही ना?" आणि ती डॉक्टरला म्हणाली की तिने मला कधी बोलावलंच नव्हतं.

ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, सिरिल. इतकं सरळ की क्षणभर मीच चरकले. गेले दोन आठवडे मी रात्री तेच उगाळतेय. तिने म्हटलं होतं. बावीस जूनच्या संध्याकाळी, मलम लावत असताना, मिसेस पालुंबो गेल्यावर. "मी आल्याशिवाय उठू नकोस." मला स्वच्छ ऐकू येतंय. पण इथले सगळे मान हलवतात आणि माझा हात थोपटतात. सारखा हात थोपटला की माणसाला वाटायला लागतं आपल्या हाताला काहीतरी झालंय.

तर माझं एकच विचारणं आहे. बर्निस तुला पत्रं लिहिते. चार जुलैच्या आधी तिने याबद्दल काही लिहिलं होतं का? एक ओळ? लिहिलं असेल तर ते पत्र न्यायाधीशांना पाठव आणि मी माझ्या घरी जाते. बर्निसने पायऱ्या चढायला नकोत, मी पाव आणि दूध घरपोच मागवीन. फिनिक्सलाही येणार नाही, ग्वेनला निर्धास्त राहू दे.

आणि तिने काही लिहिलं नसेल तर तसंही सांग. तू सांगशील ते मी धरेन. बर्निस सात वर्षांची असल्यापासून थापा मारते. तू कधी मारली नाहीस. खिडकीची काच फुटली तेव्हाही आपणहून येऊन सांगितलंस.

आई

---

बीचव्ह्यू
२५ जुलै १९८८

सिरिल,

आईने तुला लिहिलंय, मला तिथल्या पोरीने सांगितलं. पत्र चार पानी होतं म्हणे.

मी परवा तिच्याकडे गेले. केस विंचरले. ती काही म्हणाली नाही, ना घोडा ना खरारा. तिथे कुणीतरी तिचे केस कापून टाकलेत, मानेपर्यंत, धुवायला सोपे म्हणून. एकोणऐंशी वर्षांत तिने केसांना कात्री लावली नव्हती. मी विंचरत होते आणि विंचरायला काही उरलंच नव्हतं.

तू विचारशील, मग तुला काय हवं होतं? मला हेच हवं होतं. पायऱ्या नाहीत आता. संध्याकाळी सहाला मी घरी असते, आणि काय करायचं कळत नाही. तिने दवाखान्यात मला पहिलं काय विचारलं ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुला काही झालं नाही ना, असं विचारलं.

मी न्यायाधीशांना खरं सांगू का? तू हो म्हण, मी उद्याच जाते. माझी नोकरी गेली, लोक माझ्यावर थुंकले तरी चालेल. आई फिनिक्सला जाणार नाही, घरीच राहील, मी चढेन पायऱ्या. फक्त तू एक शब्द लिही.

बर्निस

---

फिनिक्स
३० जुलै १९८८

प्रिय बर्निस,

तू दमलीस. दमलेल्या माणसाने निर्णय घेऊ नयेत.

न्यायाधीशांकडे जाऊन तू काय सांगणार? की पोलिसांना आणि डॉक्टरला तू खोटं सांगितलंस, आजारी म्हातारीला पावसात मरायला सोडलंस? त्याला शिक्षा असते. आणि यात मी कुठे आहे? माझं पत्र तू फाडलंस. तुझी पत्रं मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहेत. "मी घरी टीव्ही बघणार आहे," असं तुझ्याच अक्षरात आहे.

मी ती कुणाला दाखवणार नाही, तू माझी बहीण आहेस. तू शहाणी राहा एवढंच.

समज आई घरी आली. चार महिन्यांत पुन्हा तोंड सुरू होईल आणि तू पुन्हा मला विमानाच्या धमक्या देशील. या वेळी तुझं मन भरून आलंय, ते बरोबर आहे, पण मन दर पंधरा दिवसांनी बदलतं. आईला तिथे जेवण मिळतं, डॉक्टर आहे, जिना नाही. केस वाढतील.

न्यायाधीशांना माझं म्हणणं आजच पाठवलं. आईलाही लिहितोय.

सिरिल

---

फिनिक्स
३० जुलै १९८८

प्रिय आई,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. किती नीट आणि किती सुंदर लिहितेस तू अजून!

तू विचारलंस म्हणून मी बर्निसची जूनमधली सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली, एक एक ओळ. आई, तिने काहीच लिहिलेलं नाही. तुझ्या वाढदिवसाबद्दल आहे, अक्रोडाच्या रोलबद्दल आहे, गुडघ्यांबद्दल आहे. आतषबाजीचा उल्लेखसुद्धा नाही. असता तर मी पहिल्या विमानाने आलो असतो, हे तुला माहीत आहे.

मला वाटतं काय झालं असेल ते सांगू? तू इतकी वर्षं जागा धरून बसलीस, बाबांची वाट बघितलीस. तुझ्या मनाला ती सवय आहे. पावसाआधीच्या उकाड्यात, गर्दीत, कुणीतरी येणार आहे असं तुला वाटायला लागलं आणि ते कोण हे मनाने मागाहून भरलं. यात लाजण्यासारखं काही नाही. चांगल्या चांगल्यांचं होतं. पण बर्निसवर असला आळ घेऊ नकोस. ती रोज तुझ्या पायऱ्या चढत होती, आई. तिला हे किती लागलंय ते तिच्या पत्रांतून कळतं.

न्यायाधीश विचारतील तेव्हा शांत राहा, भांडू नकोस. आम्ही दोघंही तुझ्या भल्याचंच बघतोय.

ग्वेनचा नमस्कार.

तुझा सिरिल

---

वृद्धाश्रम, खोली क्रमांक १४
२६ ऑगस्ट १९८८

माझ्या सिरिल,

तुझं पत्र मी रोज एकदा वाचते. घडीवर फाटायला आलंय.

सुनावणी झाली. लहानशी खोली होती, मला वाटलं होतं मोठा उंच कठडा असेल. न्यायाधीश सभ्य होते. त्यांनी विचारलं, "मिसेस सोपको, त्या रात्री तुम्ही कुणाची वाट बघत होतात?" माझं उत्तर तयार होतं. मिसेस पालुंबोचं नाव, मलम, सगळं. बर्निस समोर बसली होती. ती एकदम उठून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि माझ्याकडे न बघता पुन्हा बसली. बहुतेक माझ्याच बाजूने काहीतरी बोलणार होती, बिचारी.

मग मला तुझं पत्र आठवलं. मी मनात म्हटलं, बर्निस खोटं बोलेल. मीही बोलेन, वेळ आली तर. सिरिल बोलणार नाही. आणि सिरिल म्हणतो की तसं काही नव्हतं. म्हणजे तो आवाज, तो मलमाचा वास, ती मिसेस पालुंबो जिना उतरून जाताना दिसलेली, ते सगळं माझ्या डोक्याने रचलं. इतकं खरं दिसणारं जर डोकं रचत असेल तर त्या डोक्याच्या भरवशावर मी गॅस कसा पेटवणार? जिना कसा उतरणार?

मी न्यायाधीशांना म्हटलं, "माझा मुलगा सांगतो तेच खरं धरा." त्यांनी सही कुठे करायची ते दाखवलं. पेन दिलं त्यांनी, चांगलं होतं.

घर कधी विकायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला काही नको त्यातलं.

एक काम कर. बर्निसला लिही, मी तिच्यावर उगाच आळ घेतला, मला माफ कर म्हणावं. मी तिला समोर म्हणाले तर ती ढसाढसा रडायला लागली आणि खोलीतून पळाली, परत आलीच नाही. तू लिहिलंस तर ती ऐकेल. तुझं अक्षर तिलाही आवडतं.

आई